मानधनातला मान आणि मानधनातले धन

मुळशी तालुक्यातल्या एका गावातून आलेले पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

"ताई, मी २००९ पासून आमच्या गावात आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. माझे सासरे १९९७ साली वारले आणि पुढच्या वर्षी जमिनीची वाटणी झाली. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ओढ्याकाठची भाताची खाचरे आमच्या वाट्याला आली आणि रस्त्याकडेचा मुरमाड माळ थोरल्या दिरांकडे गेला. नणंदेने दोघा भावांच्या नावे हक्कसोड लिहून दिले. तिचे आमचे आजही बरे आहे, दर वर्षी नवा तांदूळ निघाला की तिला दोन पायली पाठवतो. खाचरे आम्हाला गेली म्हणून दीर तेव्हा दोन वर्षे आमच्याशी धड बोलत नव्हते. पुढे हिंजवडीकडची वस्ती पसरत आमच्यापर्यंत आली, रस्ता रुंद झाला आणि २०१७ साली दिरांनी तो माळ विकला. आज त्यांचे दोन बंगले आहेत आणि गावातला प्रत्येक नारळ त्यांच्या हस्ते फुटतो. आम्ही अजून भात लावतो.

मागच्या महिन्यात पुतणीच्या साखरपुड्यात जाऊबाईंनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, 'ह्या आमच्या धाकट्या जाऊबाई, गोळ्या वाटायची समाजसेवा करतात.' सगळे हसले. घरी आल्यावर माझा मुलगा म्हणाला, 'आई, तू इतकी वर्षे उन्हातान्हात घरोघर फिरलीस आणि काकांनी एकदाच सही केली. मग शहाणे कोण?' तो बारावी झाला आहे, त्याला इंजिनिअरिंगला जायचे आहे. दीर फी भरायला तयार आहेत, पण ह्यांना त्यांचा एक रुपयाही नको आहे. ताई, खरेच माझी किंमत काय? मुलाला काय उत्तर देऊ? आणि पैसे घ्यावेत की नाही?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्राला एक तयार उत्तर आहे आणि ते तुम्ही यापूर्वी अनेकदा ऐकले असेल : पैशाने माणसाची किंमत ठरत नाही. हे वाक्य खोटे नाही, तरीही मी त्याने सुरुवात करणार नाही, कारण ते बहुधा कोणाच्या तोंडून येते हे मी पाहत आले आहे. ज्याच्याकडे भरपूर आहे तो ते भाषणात म्हणतो आणि ज्याला दुसऱ्याच्या कामाचे पैसे द्यायचे नसतात तो ते समोरासमोर म्हणतो. तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न उद्धट वाटला तरी सरळ आहे आणि त्याला सरळच उत्तर मिळाले पाहिजे.

तेव्हा आधी त्या चिठ्ठ्यांकडे वळू. १९९८ साली तुमच्या गावात कोणालाही विचारले असते की या दोन भावांपैकी नशीबवान कोण, तर सगळ्यांनी तुमच्या यजमानांकडे बोट दाखवले असते. ओढ्याचे पाणी, बांध घातलेली खाचरे आणि घरचा वर्षभराचा तांदूळ सुटून वर चार पोती विकता येतील एवढे पीक एका बाजूला, आणि कुळीथसुद्धा धड येत नाही असा मुरूम दुसऱ्या बाजूला. दिरांनी दोन वर्षे अबोला धरला तो उगाच नव्हे. त्या चिठ्ठीवर नाराज असणारे दीर आणि आज नारळ फोडणारे दीर हे एकच गृहस्थ आहेत. मधल्या काळात त्यांनी माळावर झाड लावले नाही, विहीर खणली नाही, बांधही घातला नाही. मुरूम तोच राहिला. बदलले ते भोवतालचे : औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे केले, तेथे देशभरातून मुले-मुली नोकरीला आली, त्यांना राहायला घरे हवी झाली, सरकारी खर्चाने रस्ते रुंद झाले, आणि ज्यांनी तेथे विटा वाहिल्या ती माणसे तर पत्र्याच्या खोल्यांत राहून पुढच्या कामावर निघून गेली. त्या माळाची किंमत या सगळ्यांनी मिळून वाढवली आणि ती ज्याच्या नावावर सातबारा होता त्याच्या पदरात पडली.

मी तुमच्या दिरांना दोष देत नाही. त्यांनी कोणाची चोरी केलेली नाही आणि योग्य वेळी व्यवहार करायलाही थोडे धाडस लागते. परंतु मुलाने 'शहाणे कोण' असे विचारले आहे, आणि चिठ्ठी उचलण्यात शहाणपण नसते. वाटणीच्या वेळी चिठ्ठी काढायला घरातले लहान मूल बोलावतात ते नेमके याचसाठी, की त्या बोटांत कोणाची हुशारी असू नये. त्या दिवशी त्या लहान मुलाने दुसरी चिठ्ठी उचलली असती, तर बंगले तुमचे असते आणि साखरपुड्यात जाऊबाईंची ओळख 'ह्या अजून भातच लावतात' अशी कोणीतरी करून दिली असती. कोणी करून दिली असती, हेही एकदा मनाशी प्रामाणिकपणे विचारून पाहा.

तुमच्या घरातली ही गोष्ट देशाच्याच गोष्टीची छोटी प्रत आहे. २०२४ साली अर्थशास्त्रज्ञ तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२२-२३ मध्ये सर्वांत वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. या दोन आकड्यांतले अंतर लक्षात घ्या. संपत्तीची दरी उत्पन्नाच्या दरीपेक्षा कितीतरी रुंद आहे, कारण जमीन, घरे आणि समभाग मालकाच्या झोपेतही वाढतात आणि वारसाने पुढे जातात. मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या मालमत्तेवरचा कर आपल्याकडे १९८५ साली रद्द झाला आणि संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला. ते योग्य झाले की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण एवढे तरी मुलाला सांगता येईल की कोणाकडे किती आहे यावरून कोण किती राबले याचा अंदाज बांधायला गेले तर गणित बहुतेक वेळा चुकते.

आता तुमच्या कामाच्या किमतीकडे येते, कारण माझ्या मते पत्रातले खरे दुखणे तेथे आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाईच्या घरी तुम्ही सहा वेळा जाता : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन घेता, काखेत तापमापक धरता, आणि बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजता. ते ६० किंवा त्याहून अधिक भरले तर पुन्हा मोजता आणि तेवढेच आले तर गाडीची सोय पाहता. या सहाही भेटी पूर्ण झाल्यावर त्या सगळ्यांचे मिळून २५० रुपये ठरलेले आहेत, म्हणजे एका भेटीला ४१ रुपये आणि काही पैसे. ही पद्धत कोठून आली हे तुमच्या मुलाला बहुधा माहीत नसेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि त्या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निबंध छापून आला आणि पुढे हेच काम देशभरातल्या आशांकडे सोपवण्यात आले. जाऊबाई ज्याला गोळ्या वाटणे म्हणतात त्यात हेही येते.

मग एवढ्या कामाला ४१ रुपये का? काम हलके म्हणून नव्हे. कामाचा मोबदला त्याच्या उपयोगावरून क्वचितच ठरतो. ते काम नाकारण्याची ताकद करणाऱ्याच्या अंगात किती आहे, यावर तो अधिक ठरतो. २००५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा तुम्हाला 'कर्मचारी' म्हटले नाही, 'स्वयंसेविका' म्हटले, आणि या एका शब्दाने वेतन, रजा, निवृत्तिवेतन हे सारे प्रश्न दाराबाहेर ठेवले. वेतनाच्या जागी मानधन आले. हा शब्द कोणी घडवला असेल त्याच्या चतुराईचे मला नेहमी कौतुक वाटते, कारण त्यात मान आधी देऊन धनाची अपेक्षा करणाऱ्यालाच ओशाळे करण्याची सोय आहे. करोनाच्या काळात तुम्ही दारोदार फिरून माणसे तपासली. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या १० लाख आशांचा गौरव केला, तो मान. त्यानंतर २०२३ च्या ऑक्टोबरपासून तुमच्या मैत्रिणी संपावर गेल्या, आझाद मैदानात मुक्काम करून बसल्या, तेव्हा कुठे २०२४ च्या मार्चमध्ये राज्य शासनाने दरमहा ५,००० रुपयांच्या वाढीचा आदेश काढला, ते धन. गौरवाने दर वाढला नाही, मैदानात बसल्याने वाढला. तुम्हीही त्या वेळी गेला असाल तर ती गोष्ट मुलाला अभिमानाने सांगा, आणि गेला नसाल तर पुढच्या वेळी अवश्य जा.

म्हणजे तुमच्यापुढे दोन आकडे आहेत. माळाला आलेली किंमत रस्त्याविषयी सांगते. एका भेटीचे ४१ रुपये सरकारच्या हिशेबाविषयी आणि तुमच्या सौदाशक्तीविषयी सांगतात. या दोहोंतला एकही आकडा दिरांविषयी किंवा तुमच्याविषयी काही सांगत नाही. झोळीचा काटा बाळाचे वजन अचूक दाखवतो, पण त्या काट्यावर बाळाचा ताप कळत नाही म्हणून आपण काटा फेकून देत नाही आणि ताप नाही असेही म्हणत नाही. पैसा कशाकशाचे माप आहे हे मुलाला जरूर कळू द्या : घरात कोणाला थांबायला लागते आणि कोणाला नाही, आजारपणात कोणता दवाखाना परवडतो, कोण रात्री स्वस्थ झोपतो, हे सगळे त्याने मोजले जाते आणि या गोष्टी लहान नाहीत. म्हणून तुमची चीड योग्य आहे. तिला मत्सर समजून दाबून टाकू नका.

गाव दिरांच्या हस्ते नारळ फोडून घेते याचा राग येणे स्वाभाविक आहे, पण याबाबतीत मी कोणाला फार बोलू शकत नाही. लहानपणी माझे अक्षर बरे होते म्हणून घरच्या लग्नांत मांडवाच्या कोपऱ्यात वही देऊन मला आहेर लिहायला बसवत. १०१ रुपयांचे पाकीट देणाऱ्याचे नाव मी वळणदार, सावकाश, 'श्रीयुत' लावून लिहीत असे, आणि ११ रुपये देणाऱ्याचे नाव पुढचा माणूस उभा आहे म्हणून घाईने खरडत असे. मला हे कोणी शिकवले नव्हते. बऱ्याच वर्षांनी ती वही हाती आली तेव्हा अक्षरावरूनच आकडा ओळखता येत होता. आमच्या शेतावर आयुष्यभर राबलेल्या एका मावशींचे नाव तर मला वाचताही आले नाही. तुमच्या जाऊबाईंची जीभ आणि माझे ते अक्षर यांत फारसा फरक नाही. त्यांनी ते मोठ्याने केले इतकेच.

आणि आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. पत्रात एका ओळीत नणंदेचा उल्लेख करून तुम्ही पुढे गेला आहात. तुमच्या नणंदेचा त्या जमिनीत वाटा होता. १९९४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क दिला, पण त्यापूर्वीच्या १९५६ च्या उत्तराधिकार कायद्यानेही वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी वारस होतीच. तिने हक्कसोडपत्रावर सही केली, बहुधा माहेर तुटू नये म्हणून, कारण आपल्याकडे बहिणीने हक्क मागितला की तिचे माहेर संपते आणि सोडला की तिचे कौतुक होते. तिच्या एका सहीमुळे तुमच्या दोन्ही घरांची जमीन पुरी राहिली. मुलगा म्हणतो की काकांनी एकदाच सही केली. त्या घराण्यातली सर्वांत महाग सही त्याच्या आत्याची आहे आणि तिला तिचे दोन पायली तांदूळ मिळतात. मानधनच म्हणायचे ते. हे मी तुम्हाला टोचण्यासाठी लिहीत नाही. जो हिशेब तुम्ही थोरल्या घराकडे बघून मांडता आहात, तोच हिशेब तिने तुमच्याकडे बघून मांडला तर काय दिसेल, हे एकदा पाहून घ्या.

फीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र व्यावहारिक आहे. दिरांकडे जाण्याआधी मुलाचा प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅपच्या फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्याच्या नादाला लागू नका, कारण शासनाची फीसवलत बहुधा तेथेच हातची जाते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर मुलाच्या शिक्षण शुल्काचा मोठा भाग, काही प्रवर्गांत निम्मा, शासन भरते. खुल्या प्रवर्गासाठी ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, इतरांसाठी नावे वेगळी आहेत, अर्ज मात्र महाडीबीटीच्या संकेतस्थळावर करायचा असतो. तुमचे यजमान अल्पभूधारक शेतकरी असतील तर पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या वसतिगृह निर्वाह भत्त्याचीही चौकशी करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, कारण प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. एवढे केल्यावर उरणारी रक्कम तुम्ही आज धरून चालला आहात त्यापेक्षा बरीच कमी असेल.

ती उरलेली रक्कम दिरांकडून घ्या, असे माझे मत आहे. तुमच्या यजमानांचा स्वाभिमान मला समजतो, पण येथे एक जुनी गोष्ट आठवते आणि ती तुमच्या शेजारच्या देहूचीच आहे. दुष्काळानंतर तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधी त्यांनी काय केले, हे कमी लोक सांगतात. चरित्रपरंपरा सांगते की धाकट्या भावाने, कान्होबाने, आपला अर्धा हिस्सा मागितला तेव्हा तो त्याला बिनतक्रार दिला आणि नदीत गेली ती फक्त स्वतःच्या वाट्याची खते. आपल्या विरक्तीचा खर्च त्यांनी भावाच्या माथी मारला नाही. तुमच्या यजमानांनी दिरांचा रुपया नाकारला, तर त्या नकाराची किंमत ते स्वतः भरणार नाहीत, मुलगा भरेल. त्यांना हे सांगताना माझे नाव खुशाल पुढे करा.

मात्र पैसे उपकार म्हणून घेऊ नका, उसने म्हणून घ्या. दोघे भाऊ समोरासमोर बसू देत, जावा-जावांमधून निरोप नकोत. साध्या कागदावर रक्कम, तारीख आणि परतफेड कधीपासून सुरू होईल ते लिहा, रक्कम खात्यावरच घ्या, आणि त्या कागदात खाचरांचा उल्लेख कोणत्याही रूपाने येणार नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहा. दिरांच्या मनात काही काळेबेरे आहे असे मी म्हणत नाही. पण रस्त्याची वस्ती ओढ्यापर्यंत यायला आता किती वर्षे लागतील याचा अंदाज त्यांना तुमच्यापेक्षा नक्कीच चांगला असेल. कागद करायला ते तयार नसतील आणि 'आपल्यात कसला कागद' असे म्हणाले, तर शैक्षणिक कर्जासाठी बँकेची पायरी चढा. व्याज भरावे लागेल, पण साखरपुड्यांत ऐकून घ्यावे लागणार नाही.

मुलाला उपदेश करू नका, त्याच्याकडे एक काम सोपवा. महिन्याच्या अखेरीस तुम्ही मोबदल्याचा जो फॉर्म भरता तो दोन महिने त्याच्याकडून भरून घ्या : कोणत्या घरी कितव्या भेटीला गेलात, कोणाला लसीसाठी नेले, कोणाच्या क्षयाच्या गोळ्या सहा महिने चुकू दिल्या नाहीत, आणि प्रत्येक ओळीपुढे किती रुपये. तो गणितात बरा असणार. बेरीज करताना त्याला आपोआप राग येईल आणि तो राग या वेळी तुमच्यावर नसेल. चिठ्ठ्यांची गोष्टही त्याला सांगा, पण दिरांच्या अबोल्यासकट आणि आत्याच्या सहीसकट सांगा, अर्धी सांगू नका.

जाऊबाईंना उत्तर देण्यात फार शक्ती घालवू नये. पुन्हा तसे बोलल्या तर पाहुण्यांकडे बघून, आवाज न चढवता, 'मी आशा आहे, या गावात जन्मलेल्या बाळांची पहिले बेचाळीस दिवस तपासणी करते' एवढे एकच वाक्य म्हणा आणि ताट घ्यायला जा. पुतणीचे लग्न होते आहे. कधीतरी तिसऱ्या दिवशी काटा घेऊन तुम्ही तिच्या बाळंतिणीच्या खोलीत जाल, तेव्हा हा विषय बहुधा आपोआप निघणार नाही.

तुमच्याकडचा इंद्रायणी भात दिवाळीच्या सुमाराला कापणीला येईल. यंदा नणंदबाईंकडे किती पायली गेला आणि तो द्यायला तुमच्याबरोबर यजमान गेले की नाही, हे मला सवडीने कळवा.